अम्माची शीर सापडत नाही, आता ती लॅबचं नावच काढू देत नाही

सुईदोरा | १७ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी अम्मा ६३ वर्षांची. घरात आम्ही तेलुगू बोलतो, म्हणून अम्मा. तीस वर्षं विड्या वळल्या तिनं, रोजच्या हजार. सहा वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलली, डाव्या बाजूची, मेटलची बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी आणि दर महिन्याला आयएनआरची तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहिला पाहिजे.

मागच्या वेळी पाच ठिकाणी टोचलं. उजव्या कोपरात दोनदा, डाव्या कोपरात एकदा, मग तळहाताच्या मागं दोनदा. तो मुलगा शीर वर यावी म्हणून हातावर चापट्या मारत होता, आपण कलिंगड वाजवून बघतो तसा. शेवटी दुसरा आला आणि काय म्हणाला, "मावशी, तुम्हाला शिराच नाहीत हो." अम्मा तिथंच रडली. हात बारा दिवस काळानिळा होता. आणि एवढं करून दुपारी फोन, की निळ्या नळीत रक्त कमी भरलंय, परत या.

परत कुठली जातेय! "मेले तर मरू दे, सुई लावायची नाही" म्हणते. सात आठवडे झाले. आणि मी कोण, तर शाळेचे युनिफॉर्म शिवणारी, घरात चार मशिनी. दिवसभर सुईच हातात. माझ्या आईला एक सुई लावता येईना.

काय करू? तुमच्यापैकी कुणाची शीर अशी लपते का?

कडकभाकरी | १७ जानेवारी, रात्री ९:५८

ताई, अम्माला सांगा, सोलापुरात त्या एकट्या नाहीत. माझा मामा दरवर्षी सिद्धेश्वरच्या यात्रेत नंदीध्वज पेलतो. बाराबंदी घालून, एवढी उंच काठी कमरेवर तोलत गर्दीतनं चालतो, माणूस हलत नाही. गेल्या वर्षी साखर तपासायला नेलं. सुई बघितली की आडवा! लॅबमधल्या तिघांनी उचलून बाकावर ठेवला. आता यात्रेत काठी घेतली की पोरं मागनं ओरडतात, "मामा, सुई आली बे!"

बाळीवेसचा | १७ जानेवारी, रात्री १०:२०

पाच मिली रक्त काढायचं आणि त्यावर एवढा मोठा धागा? मी ४२ वेळा रक्तदान केलंय. प्रत्येक वेळी ३५० मिली. ती सुई बघा एकदा, मग बोला. आजकाल सगळ्यांनाच सगळं दुखतं.

सिस्टर_रात्रपाळी | १७ जानेवारी, रात्री ११:०५

बाळीवेस दादा, रक्तदानाला जी सुई लागते ती घेण्याजोगी शीर असते म्हणून तुम्ही ४२ वेळा देऊ शकलात. ज्यांची नसते त्यांना आम्ही दारातूनच परत पाठवतो, ते इथं लिहायला येत नाहीत. देवाची कृपा समजा आणि पुढच्या वेळीपण द्या.

सुईदोरा, तुमच्याशी आधी महत्त्वाचं बोलते. बाकीचं नंतर. सात आठवडे मेटलच्या झडपेला जास्त होतात. आकडा खाली गेला असेल तर झडपेवर गाठ धरू शकते, वर गेला असेल तर आतल्या आत रक्तस्राव. उद्याच डॉक्टरांना फोन करून सांगा की तपासणी चुकलीय. त्यांच्यापासून लपवू नका. आणि रात्री शांततेत अम्माच्या छातीशी कान लावा. मेटलच्या झडपेची टिकटिक ऐकू येते ना? ती दबल्यासारखी वाटली, किंवा अचानक धाप लागली, हातापायातली ताकद गेली, बोलताना जीभ जड झाली, तर लॅब वगैरे विसरायचं, सरळ दवाखाना.

घाबरवत नाहीये. पण "मेले तर मरू दे" हे वाक्य मी वॉर्डात फार ऐकलंय.

सुईदोरा | १७ जानेवारी, रात्री ११:३२

आत्ता जाऊन कान लावून आले. चालू आहे टिकटिक, घड्याळासारखी. अम्मा म्हणाली, "काय गं, चावी द्यायला आलीस का?"

उद्या सकाळी फोन करते. थँक्यू सिस्टर.

पुण्यातला_सोलापुरी | १८ जानेवारी, सकाळी ७:१५

कडकभाकरी, तुमच्या मामांच्या जातकुळीतला मीही एक. माझी शीर दोरखंडासारखी आहे, पण मी पडतो. कंपनीच्या तपासणीत दोनदा पडलो, एकदा कपाळाला टाके. घाबरट म्हणून सगळे हसले. नंतर कळलं की यात भीतीपेक्षा रक्तदाबाचा खेळ जास्त आहे. सुई किंवा रक्त बघितलं की काहींचा दाब आधी वर जातो आणि मग धाडकन खाली येतो.

त्यावर एक पद्धत आहे, ओस्ट नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं बसवलेली. पाय, पोट आणि मोकळा हात घट्ट आवळून धरायचे, दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद सैल. असं पाच वेळा. ज्या हातातून रक्त घ्यायचं तो मात्र सैलच ठेवायचा. मी आता खुर्चीत बसल्या बसल्या हे करतो, समोरच्याला वाटतं याला संडासला लागलीय. पण तीन वर्षांत पडलो नाही. शिवाय आधीच सांगतो, "मी झोपून देणार." कुणी नाही म्हणत नाही.

आण्णा_शेळगी | १८ जानेवारी, सकाळी ८:०२

रक्त तपासायचं म्हणजे आदल्या रात्री आठनंतर अन्नपाणी बंद. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मी तीस वर्षं हेच करतोय. डायबेटिस आहे. माझीपण शीर मिळत नाही. वय झालं की असंच.

लॅबवाला | १८ जानेवारी, सकाळी ९:४५

शिव्या खायला हजर आहे. चौदा वर्षं हेच काम करतोय. आधी आमच्या बिरादरीतर्फे अम्माची माफी मागतो. "शिराच नाहीत" असं पेशंटला म्हणायचं नसतं. शीर असते. आपल्याला सापडली नाही, एवढंच.

आण्णा, रागावू नका, पण तुमची शीर वयामुळे नाही, पाण्यामुळे मिळत नाही. उपाशीपोटी म्हणजे चहा, दूध, खाणं नको. साधं पाणी चालतं. चालतं काय, प्यायलाच पाहिजे. रात्रीपासून कोरडा माणूस सकाळी आला की शिरा चपट्या झालेल्या असतात. रात्री झोपताना एक आणि निघायच्या आधी दोन ग्लास प्या, पुढच्या वेळी मला कळवा. (ज्यांना किडनी किंवा हृदयामुळे पाणी मोजून सांगितलंय त्यांनी मात्र मोजूनच. सुईदोरा, हे तुम्हीपण विचारून घ्या.)

आता अम्माचं. ताई, आयएनआरला उपाशी राहायची गरजच नाही. चहा-नाष्टा करून आणा. कुणी उपाशी आणायला सांगितलं होतं का?

दुसरं, निळी नळी. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून औषध आधीच मोजून घातलेलं असतं. एक भाग औषधाला नऊ भाग रक्त असं ते गणित. म्हणून रेघेपर्यंत भरलीच पाहिजे, कमी भरली तर आकडा चुकतो. तुम्हाला परत बोलावलं ते बरोबरच होतं. चुकीचं होतं ते त्याआधीचं सगळं. रक्त पातळ असलेल्या माणसाच्या हातावर चापट्या मारायच्या नसतात, त्यानंच अर्धा हात काळा झाला असणार. पट्टा बांधून मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नाही. आणि एका माणसानं दोनदा प्रयत्न करावा, मग दुसऱ्याला हाक मारावी. चांगल्या लॅबमध्ये हा रिवाज असतो. तिथं नसेल तर तुम्ही म्हणा, "दोनदा झालं, आता मोठ्या साहेबांना बोलवा." यात भांडण नाही.

आण्णा_शेळगी | १८ जानेवारी, सकाळी ९:५८

तीस वर्षं उगाच तहानेला राहिलो म्हणजे.

कडकभाकरी | १८ जानेवारी, सकाळी १०:०१

आण्णा, तीस वर्षांचं पाणी एकदम पिऊ नका बे.

सुईदोरा | १८ जानेवारी, सकाळी १०:३०

लॅबवाला दादा, दरवेळी उपाशीच नेत होते! कुणी सांगितलं नव्हतं, मीच समजून चालले. थंडीत सकाळी सहा-साडेसहाला, पोटात काही नाही, रिक्षात गार वारा. आता वाटतंय, शीर लपली नाही, मीच लपवून नेली.

डॉक्टरांना फोन झाला. रागावले. उद्याच करा म्हणाले. पाणी हवं तेवढं चालेल म्हणाले.

सिस्टर_रात्रपाळी | १८ जानेवारी, सकाळी ११:१०

थंडीत हाताच्या शिरा आखडतात, त्यामुळे स्वेटर घालून न्या आणि हात झाकलेला ठेवा. गरम पाण्याची पिशवी नॅपकिनमध्ये गुंडाळून कोपरावर दहा मिनिटं. नुसती पिशवी लावू नका. म्हाताऱ्या माणसांची, त्यात साखरवाल्यांची कातडी भाजते आणि त्यांना कळत नाही.

बारीक बटरफ्लाय सुई मागा. थोडे पैसे जास्त घेतील.

लॅबवाला | १८ जानेवारी, सकाळी ११:४०

सिस्टर, बटरफ्लायला माझा विरोध नाही, पण निळ्या नळीच्या बाबतीत एक गोम आहे. तिच्या लांब पाइपमध्ये हवा असते, ती आधी नळीत शिरते आणि नळी तेवढीच कमी भरते. म्हणून आधी एक रिकामी नळी लावून हवा घालवायची, मग निळी. हे न करता बटरफ्लाय लावली तर अम्माला परत फोन. आणि फार बारीक सुईतून जोरानं ओढलं तर रक्तपेशी फुटतात.

सिस्टर_रात्रपाळी | १८ जानेवारी, सकाळी ११:५२

ते मला माहीत आहे हो. वीस वर्षं झाली.

लॅबवाला | १८ जानेवारी, सकाळी ११:५५

तुम्हाला नाही, वाचणाऱ्यांना सांगितलं. 🙏

आण्णा_शेळगी | १८ जानेवारी, दुपारी १२:३०

पेशी फुटण्यावरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी माझं पोटॅशियम ६.१ आलं. घरात रडारड. पोरगा पुण्याहून गाडी काढून निघाला. डॉक्टर म्हणाले, आधी परत तपासू. दुसऱ्या लॅबमध्ये ४.४. पहिल्या ठिकाणी त्या पोरानं माझी मूठ पन्नास वेळा उघडझाप करायला लावली होती. पोरगा इंदापूरपर्यंत आला होता, तो तिथनंच परत गेला. भेटलासुद्धा नाही.

लॅबवाला | १८ जानेवारी, दुपारी १२:४१

मूठ उघडझाप करून पोटॅशियम खोटं वाढतं, अगदी खरं. मूठ नुसती मिटून धरायची, तीही हलकी. पोरगा भेटला नाही त्याला मात्र लॅब जबाबदार नाही.

दोन_पोरांची_आई | १८ जानेवारी, दुपारी ३:१५

थोडं विषयांतर. मोठीचं रक्त चार वर्षांची असताना काढायचं होतं. सासूबाईंनी समजूत घातली, "काही नाही गं, मुंगी चावेल." सुई टोचली, ती किंचाळली, आणि मग दोन महिने अंगणातली प्रत्येक मुंगी चपलेनं मारत होती. खोटं बोलल्याचा राग मुंग्यांवर.

धाकट्याच्या वेळी डॉक्टरांनी बधिर करायचं मलम लिहून दिलं, लिडोकेन-प्रिलोकेनचं. तासभर आधी कोपराच्या खळग्यात जाड थर लावायचा आणि वर प्लॅस्टिकची पट्टी चिकटवायची. दहा मिनिटं आधी लावून उपयोग नाही, पहिल्यांदा आम्ही तेच केलं. आणि दोन्ही हातांना लावा, कारण कुठल्या हातात मिळेल ते आधी सांगता येत नाही. त्याला खरं सांगितलं, "थोडं दुखेल, तू दहा म्हणेपर्यंत संपेल." त्यानं सातला थांबवलं आणि विचारलं, "झालं?" झालं होतं.

मोठ्यांनाही चालतं ते मलम. अम्माला विचारून बघा, अर्थात डॉक्टरांनापण.

विजापूरवेस | १८ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

खूप दिवसांनी इथे लिहितेय. माझं डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. हात सुजू नये म्हणून त्या हातातून रक्त नको, बीपीपण नको असं माझ्या सर्जननी सांगितलंय. म्हणजे उरला एक उजवा हात. त्यात केमोनं शिरा अशा झाल्या की वरून चाचपल्या तर सुतळीसारख्या लागतात, आत सुई गेली तर रक्त येत नाही.

पहिले काही महिने मी प्रत्येक ठिकाणी तोंडानं सांगायचे. तरी घाईत कुणीतरी डावा हात धरायचंच. एकदा बीपीचा पट्टा फुगवायला सुरुवातही झाली होती. तेव्हापासून घरून निघताना डाव्या दंडावर पेनानं मोठ्या अक्षरात लिहिते, "इथे नको". उजव्या हातावर, जिथे मागच्या वेळी मिळालं होतं तिथे, एक बारीक गोल काढते. एक सिस्टर म्हणाली, "बाई, तुम्ही तर नकाशाच घेऊन आलात." मी म्हटलं, रस्ता चुकला की मलाच फिरावं लागतं.

सुईदोरा, अम्माची शीर पूर्वी कुठे सहज मिळायची, ते आठवतं का तिला? पेशंटला माहीत असतं. कुणी विचारत नाही.

बाळीवेसचा | १८ जानेवारी, रात्री ८:०५

विजापूरवेस ताई, तुमचं वाचून गप्प झालो. कालचं माझं लिहिणं जरा जास्तच झालं. पण एक शंका आहे, रक्तदानाची सुई एवढी जाड, तरी मला दुखत नाही. मग बारीक सुई दुखते कशी?

लॅबवाला | १८ जानेवारी, रात्री ८:४०

सुई एका झटक्यात शिरेत गेली तर जाडही सोसते. दुखतं ते आत गेल्यावर शोधताना. टोक आत ठेवून इकडेतिकडे फिरवलं की जीव जातो. त्यापेक्षा काढून दुसरीकडे टोचलेलं बरं.

रक्तदानाची सुई १६ नंबर, तपासणीची २१ ते २३. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक.

सुईदोरा | १८ जानेवारी, रात्री ९:०२

हे भारी आहे. आमच्या मशिनच्या सुईचं उलटं. ११ नंबर बारीक, १६ नंबर जाड, युनिफॉर्मच्या जाड कापडाला १६ लावतो. हातशिलाईच्या सुया मात्र तुमच्यासारख्या, नंबर वाढला की बारीक.

विजापूरवेस ताई, अम्माला विचारलं. लगेच म्हणाली, "डाव्या हाताला, कोपराच्या बाहेरच्या अंगाला. ऑपरेशनच्या वेळी तिथंच घ्यायचे. या पोरांना मी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही." म्हणजे तिला माहीत होतं. सहा वर्षं मी शेजारी उभी, मी पण विचारलं नाही.

सिस्टर_रात्रपाळी | १८ जानेवारी, रात्री १०:१५

बाहेरच्या अंगाची शीर चांगली असते. आतल्या अंगाला धमनी आणि मज्जातंतू जवळून जातात, तिथं उगाच खोल जाऊ नये.

आणि ज्यांना साधं रक्त काढणं सगळ्यात वाईट वाटतं त्यांनी आमच्या आयसीयूत मनगटातून धमनीचं रक्त काढताना बघावं. धमनी खोल असते, भोवती मज्जातंतू असतात. भलेभले ओरडतात. मी दरवेळी आधी सांगते, "हे दुखणार आहे, मी पटकन करते." सांगून केलं की माणूस हात ओढून घेत नाही.

भोगीला पालेभाजी भरपूर झाली असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. हिरव्या भाज्यांनी आकडा खाली येतो. बंद करायच्या नाहीत, दर आठवड्याला साधारण सारख्याच खायच्या.

पुण्यातला_सोलापुरी | १८ जानेवारी, रात्री १०:४०

बोटातून एक थेंब घेऊन आयएनआर बघायचं छोटं मशीनपण येतं, साखरेच्या मशीनसारखं. पट्ट्या महाग पडतात. माझ्या बॉसच्या वडिलांकडे आहे. डॉक्टरांना विचारा चालेल का.

कडकभाकरी | १८ जानेवारी, रात्री १०:४४

सगळं बरोबर, पण मूळ प्रश्न राहिला. रक्त दिल्यावर नाष्टा काय? माझं मत चुरमुऱ्यांचा सुशीला, वर शेंगाची चटणी.

आण्णा_शेळगी | १८ जानेवारी, रात्री १०:५०

अम्माला आधीच खाऊन जायचंय. वाचत जा बे.

सुईदोरा | १९ जानेवारी, दुपारी १:२०

झालं!! एका टोच्यात!

सविस्तर सांगते. सकाळी दहाला निघालो, ऊन पडल्यावर. चहा, दोन भाकऱ्या, दोन ग्लास पाणी. अंगात स्वेटर, कोपरावर नॅपकिनमधली पिशवी, रिक्षात ती धरून बसली होती मांजराच्या पिल्लासारखी. यावेळी दुसरी लॅब. मी दारातच सांगितलं, मेटलची झडप, रक्त पातळ आहे, मागं पाच वेळा टोचलं, झोपून देणार, आणि शीर कुठं ते तीच सांगेल. काउंटरवरची मुलगी आत गेली आणि एका वयस्कर माणसाला घेऊन आली. चष्मा कपाळावर. त्यांनी अम्माकडे बघितलं, बहुतेक कपाळावरच्या कुंकवावरनं ओळखलं, आणि तेलुगूत म्हणाले, "चेय्यि इय्यम्मा."

अम्मानं हात दिला. डावा. तिथं बोट ठेवून म्हणाली, इथं. त्यांनी सुई नाही उचलली. आधी डोळे मिटून नुसतं बोटानं चाचपलं, वर-खाली, मी कापडाची वीण बघते तसं. पट्टा बांधला, टोचलं, निळी नळी रेघेपर्यंत. अम्मा त्यांना विचारत होती, तुमचं घर कुठलं, अशोक चौकात का. तिला कळलंच नाही कधी झालं.

मग ते म्हणाले, पाच मिनिटं बोटानं दाबून धरायचं, कोपर वाकवायचा नाही, चोळायचं नाही. अम्माकडे घड्याळ नाही. म्हणाली, "पाच मिनिटं म्हणजे आठ विड्या." आणि बाकावर बसून ओठांत मोजत होती. आठ झाल्यावर बोट उचललं. तरी एक थेंब आला. म्हणाली, "एक खोटी गेली", आणि आणखी दोन विड्या दाबून धरलं.

रिपोर्ट संध्याकाळी.

कडकभाकरी | १९ जानेवारी, दुपारी १:२४

एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!

विजापूरवेस | १९ जानेवारी, दुपारी २:१०

आठ विड्या. मी आता अशीच मोजणार, वळता येत नसल्या तरी.

सुईदोरा | १९ जानेवारी, रात्री ८:३५

१.९ आलं. कमी आहे. डॉक्टरांनी लगेच गोळी बदलून दिली आणि उद्या सकाळी झडपेच्या सोनोग्राफीला बोलावलंय. आठवड्यानं परत रक्त. सिस्टर, तुम्ही त्या रात्री लिहिलं नसतं तर मी आणखी महिनाभर समजूतच काढत बसले असते.

अम्माला सांगितलं आठवड्यानं परत जायचंय. म्हणाली, "तोच चष्मेवाला असेल तर."

लॅबवाला दादा, परत त्याच जागी टोचलं तर चालतं का?

लॅबवाला | १९ जानेवारी, रात्री ९:००

काळंनिळं झालं नसेल तर चालतं, दोन बोटं वर किंवा खाली. आणि जाण्याआधी फोन करून विचारा, चष्मेवाले कामावर कधी असतात.